तारीख आधी पाह्यजो

आचल,
चार्जच्या यादीवर सह्या झाल्या आपल्या.
कॉम्प्युटर एक, प्रिंटर एक,
खुर्च्या दोन, त्यातली एक हात मोडलेली.
यादीत जे आलं नाई
थे या रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवते.

सकाळी मशीन चालू केली का
आधी खालच्या कोपऱ्यात तारीख पाह्यजो.
रात्री लाइन गेली का याले काहीच आठवत नाई,
रोज उठते अन् म्हणते,
एक जानेवारी दोन हजार दोन.
मंग एकही साइट उघडत नाई.
धोका हाय, मागं फिर, असं लाल अक्षरात येते.
धोका कायचा आला!
साइटचं ओळखपत्र आताचं,
अन् आपण वीस-बावीस वर्ष मागं उभे.
थे बिचारी कशी ओळखन?
तारीख टाक. मंग पाय.

टीं टीं टीं केलं तर हिंगणघाटले फोन नको करू,
थो माणूस येण्याचेच तीनशे घेते.
प्लग काढ, डबा उघड,
हिरवी पट्टी सरळ वर ओढ,
तिचे सोनेरी दात खोडरबरनं घास
(शाळेतून आण, पांढरं, वासाचं नको)
अन् टक् आवाज येईस्तोवर दाब.
आवाज नाई आला म्हणजे बसली नाई.

मे महिन्यात दुपारी आपोआप बंद पडते.
कोणाची करणी नाई थे.
बाजूले जिनिंग हाय,
पंख्यात रुई जाऊन बसते.
रंगाच्या ब्रशनं झाड, श्वास रोखून.

गावच्या साइटवर अजून जुना सरपंच दिसते
म्हणून भाऊदासजी रागावतीन.
फोटो म्या कधीचाच बदलला.
मशीनच्या पोटात जुनं साठून राह्यते,
थेच पुन्हा पुन्हा वाढते आपल्याले.
कंट्रोल दाबून एफ-पाच.
त्यायच्या मोबाइलमधलं वेगळं पुसावं लागन.
तवर चहा सांगजो, बिनसाखरेचा.

साइटच्या नावाचे पैसे पोळ्याच्या आधी भरजो.
एका साली ग्रामसेवकाची बदली झाली,
आठवणीचा मेल त्यायच्यासंगं गेला,
अन् सव्वा महिना आपल्या गावाच्या नावावर
रमीचा डाव चालला.
दोघंतिघं तर खेळलेही.
तेव्हापासून मेलचा पत्ता कार्यालयाचा हाय, माणसाचा नाई.

आता जे कोणाले सांगितलं नाई थे.
एकदा म्या तारीख पाहिली नाई.
त्या दिवशी लक्ष घरी होतं.
उईकेच्या सुनेले सकाळीच मुलगी झाली.
दाखल्याचा फॉर्म मशीनमध्येच हाय,
त्याले इंटरनेट लागत नाई,
म्हणून कोणी टोकलं नाई मले.
छापला. सही झाली, शिक्का झाला.
दुसऱ्या दिवशी गोधाजी उईके आले,
कागद टेबलावर ठेवला, चष्मा पुसला,
म्हणाले, बाई,
हे नात तिच्या मायपेक्षा दीड वर्ष मोठी हाय.
ओरडले असते तर बरं झालं असतं.
म्या खोडलं नाई. खोडजो नको तूही.
आडवी रेघ, रद्द, नवा नंबर,
अन् दोन्ही कागद फाइलीत.
चूकही दिसली पाह्यजे.

इलाज पस्तीस रुपयाचा हाय.
आत बटनासारखी बॅटरी असते, गोल.
तीन साल मागणी लिहिली,
तिन्ही साल "तरतूद नाही" असं आलं.
काल बाजारात घड्याळवाल्याजवळून म्याच घेतली,
नखानं जुनी काढली, नवी बसवली.

आज सकाळी मशीन उठली
तं तारीख बरोबर होती.
माझा हात कोपऱ्यापर्यंत गेला
अन् तिथंच राह्यला.

तरी पाह्यजो.

अन् कुलूप दोनदा फिरवजो.
पहिल्यांदा लागल्यासारखं वाटते,
लागत नाई.

— सुकेशनी