तिसरा तुकडा

अप्पा बळवंत चौकातून आणलेलं पुस्तक एक, वाचणाऱ्या तिघी,
म्हणून वृंदानं ब्लेडनं त्याचे तीन तुकडे केले.
कर्वेनगरच्या गच्चीवर, टाकीला पाठ लावून
आम्ही एकाच गोष्टीत तीन ठिकाणी होतो:
वृंदाची राजकन्या अजून त्याचा राग राग करायची,
माझ्याकडे ती त्याच्या जखमेवर पाला बांधत होती,
आणि नसीमा, शेवट मांडीवर घेऊन,
काहीच बोलत नव्हती.

त्याच आठवड्यात वृंदाचं लग्न मोडलं.
साताऱ्याहून फोन, दोन मिनिटांचा.
ती रडली नाही. डबा तसाच राहिला,
आमटीवर तवंग थिजला.
रात्री म्हणाली, "नसीमा, तूच सांग शेवट.
मला आता वाचवत नाही."

नसीमानं सांगितला. तासभर.
तो परततो. धुक्यातून, काळ्या पंखांच्या जनावरावर,
एक हात गमावलेला, पण परततो;
ती वेशीवर उभी, पायात चपलाही नाहीत.
वृंदा तेव्हा रडली,
खालून रेक्टरबाई ओरडेपर्यंत.
आम्हीही. कुणासाठी, ते विचारलं नाही.

तो तुकडा पुढे नसीमाकडून हरवला, म्हणे.

परवा अख्खी प्रत मिळाली, न कापलेली.
शेवटची चाळीस पानं दुकानात उभ्यानंच वाचली.
जनावर एकटंच येतं.
वेस नाहीच कुठे.

नसीमाला फोन लावला. म्हटलं, "खोटारडे."
पलीकडे कुकरची शिट्टी.
मग हळूच:
"वृंदाला सांगू नकोस हं."