कितक्याक घेतलंस

नवाबागेच्या पुलाअलीकडे, जाळी सुकवतात त्या वाटेने
मंगळवारी आणि शनिवारी माझी स्कूटर जाते.
पिशवीत ड्रेसिंग, मॉर्फिनच्या गोळ्या, हातमोज्यांचा खोका,
आणि द्वारकाबायसाठी सहा बांगडे.

तिला खायचे नसतात.
पेजेचं पाणीसुद्धा धड उतरत नाही आता.

पहिल्या दिवशी रिकामी गेले होते.
म्हटलं, "बरं वाटेल हां, बाय."
तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.
शिळं ताजं म्हणून खपवणाऱ्यांच्या शेजारी
चाळीस वर्षं बसलेली बाई,
तिला मी काय विकत होते?

तेव्हापासून आधी दार लोटते.
मुलाला, सुनेला, खिडकीतल्या शेजारणीला
अंगणात पाठवते.
लुगड्याला हात लावण्याआधी विचारते,
आणि ती "रव" म्हणाली तर थांबते.
कधी दहा मिनिटं.
खाडीचं पाणी पुलाच्या खांबांना लागतं, ते ऐकत.
मग ती स्वतःच कुशीवर होते,
पाहुण्याला जागा करून द्यावी तशी.

"वास येता मां?" एकदा तिने विचारलं.
"येतो," म्हटलं.
"माका जन्मभर येयत होते लोक नाकाक पदर लावन,
आणि सुंगटां नेयत होते पिशयो भरून!"
हसताना तिला कळ आली.
कळ ओसरेपर्यंत तिने माझं मनगट सोडलं नाही.

सगळं आवरलं की मी पिशवी उघडते.
ती कल्ला उचलून बघते, पोट दाबते.
"कितक्याक घेतलंस?"
"दोनशेला सहा."
"फसवल्यान गो तुका! डोळे बघ तेचे.
दोन दिस बर्फात आसा ह्यो."
मग कुठल्या बोटीचे घ्यायचे, कोणाच्या टोपलीकडे बघायचंही नाही,
मला, सुनेला, दारातल्या मांजराला,
सगळ्यांना एकदमच सुनावते.

गेल्या शनिवारी भाव विचारला नाही.
बांगडा हातात धरून पडून राहिली.
"आणि कितके दिस?"

माझ्या हातात अजून ओले मोजे होते.
"थोडे," मी म्हटलं. "शिमग्यापर्यंत बहुतेक नाही."

तिने माशाचा डोळा अंगठ्याने दाबला.
"ह्यो ताजो आसा," म्हणाली.

आणि जरा वेळाने:
"लिही."
मी केसपेपर उलटा केला.
तारकराच्या सुनेकडे नव्वद. ते सोड.
मास्तरणीकडे दीडशे, तीही गेली बिचारी, सोड.
स्टँडावरल्या खानावळवाल्याकडे साडेचारशे.
ते मातर सोडू नको.