ओल वजा करून

माघात नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडते
तेव्हा आमच्या मंडळीत सगळेच रडतात.
वारा पूर्वेचा असला तर पहिल्या गीतापासूनच.
पाळकसाहेबही रुमालानं डोळे टिपत उपदेश करतात,
आणि नव्या माणसाला वाटतं,
केवढा हा आत्म्याचा वर्षाव!

मी मार्केट यार्डात मापाडी. बावीस वर्षं झाली.
ओली मिरची हाताला कळते.
कुणी दवात तोडली,
कुणी रात्री पोत्यावर पाणी मारलं,
मूठ आवळली की समजतं.
मग ओल वजा करायची.
माल आणणारा चिडतो, अडत्या हसतो,
मी आकडा लिहितो.

रविवारी मात्र मी पंच.
मंडळीची वही माझ्याकडे:
बाप्तिस्मे, लग्नं, दानं, मृत्यू.
मागच्या पौषातली ओळ माझ्याच अक्षरात:
आमोस शिलवान वळवी, वय अकरा,
प्रभूने आपल्या घरी नेले.

शाई छान वाळलीय.
आता वार्षिक सभेत ती मोठ्यानं वाचायची
आणि मूठ आवळली की तळव्याला ओल लागते.

आमोसला सिकलसेल होता.
त्याचं कार्ड होतं, आईच्या ट्रंकेत, लग्नाच्या लुगड्याखाली.
दवाखाना साडेचार किलोमीटर.
पहिल्या दिवशी सांधे दुखले, आम्ही तेल लावलं.
दुसऱ्या दिवशी छाती. आम्ही उपास धरला.
तिसऱ्या रात्री तो पाणी-पाणी करत होता
आणि आम्ही सात जण त्याच्या डोक्यावर हात ठेवून,
एवढे हात, की त्याला मान उचलता येईना.
कुणी म्हणालं, गाडी काढू या का?
कुणी म्हणालं, आता नको,
हीच तर विश्वासाची परीक्षा.

हा दुसरा 'कुणी' म्हणजे पाणी मारलेलं पोतं.
तो मी होतो.
मोटरसायकल ओट्याला टेकून उभी होती,
आत दोनशेचं पेट्रोल.

मातीच्या वेळी आम्ही त्याची इच्छा म्हणालो.
किती सोपं गेलं!
आधीच सोललेल्या त्या खांद्यावर
आणखी एक लाकूड ठेवून आम्ही जेवायला घरी आलो.

दिवलीबाई भांडली नाही.
महिन्याभरानं यार्डात देठ खुडायला आली तेव्हा
जळजळणारी बोटं पदरात गुंडाळून तिनं विचारलं,
"भाऊ, तुनी गाडी व्हती ना?"
होती, म्हणालो.
ती पुन्हा ढिगापाशी बसली.

तेव्हापासून माझी प्रार्थना काट्यावर उभी राहत नाही.
शब्द येतात सगळे, पाठ आहेत,
पारडं हलत नाही.

पाळकसाहेब म्हणतात, सभेला बाहेरचे कान असतात,
आधीच लोक काय काय बोलतात आपल्याबद्दल,
आणि लहानग्यांचा विश्वास, त्याचं काय?
वाईट माणूस नाही. सांगताना त्यांचाही आवाज कापत होता.
त्या सातांत त्यांचेही हात होते.

पण ज्या देवाचं वजन भरायला
मला रात्री उठून पाणी मारावं लागतं
तो मला कसा उचलेल?
आणि थडग्यातून उठून आल्यावर
येशूनं तरी कुठं हातांची भोकं बुजवली होती?
दार लावून बसलेल्या भित्र्या माणसांत तो तसाच आला,
तळवे उघडे.

काल रात्री वही काढली.
खोडलं काहीच नाही.
ओळीखाली रिकामी जागा होती, तिथं लिहिलं:
दवाखान्यात नेले नाही. गाडी होती.
नको म्हणणारा, खाली सही करणार.
आणि सही केली.
नाव लिहिताना आडनावापाशी पेन थांबलं, बराच वेळ.

उद्या सभा.
देवाकडे एवढंच मागणं आहे, बाकी काही मागायची लाज वाटते:
वारा पूर्वेचा नसू दे.
रडू येईल की नाही ठाऊक नाही,
पण आलंच,
तर दिवलीबाईसमोर
ते मिरचीवर ढकलता येऊ नये.