नख

भद्रकालीत, तांबटांच्या ठोक्यांपासून दोन गल्ल्या आत
दस्तगीर शिकलगारांचं दुकान.
पाटीवर लिहिलंय: परवानाधारकांनीच आत यावे.
आत असतात चहावाला, पोस्टमन,
आणि सातपूरची पहिली पाळी सुटली की मी,
नखांत लेथचं तेल तसंच घेऊन.

त्या दिवशी पिंपळगावचे दिगंबर मोगल आले.
आजोबांची रायफल, तीनशे पंधरा बोर,
निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली, नुकतीच सोडवून आणलेली,
दस्त्यावर पोलिसांची चिकटपट्टी अजून तशीच.
म्हणाले, नवी बांधायची आहे, नेमबाजीला.
अ‍ॅक्शन सगळ्यात गुळगुळीत द्या.

दस्तगीर चष्मा पुसत म्हणाले,
गुळगुळीत तर साबणही असतो.

मग गोधडीच्या तुकड्यावर त्यांनी दोन मांडल्या.
नळी नाही, दस्ता नाही,
साफ करून ठेवलेल्या माशांसारख्या.

पहिली एनफिल्ड. घाईची, खळखळ बोलणारी,
लग मागच्या बाजूला; चिखल खाऊनही चालते,
पण बोल्ट पुढे लोटताना स्प्रिंग आडवी येते,
दारात उभ्या राहणाऱ्या जावेसारखी.
दुसरी नवी, परदेशी. तीन लग, दांडी थोडीच उचलायची.
मोगलांनी ती पुढेमागे केली,
आणि चेहऱ्यावर लोणी फिरलं.
यात काय वाईट आहे?

वाईट काही नाही, दस्तगीर म्हणाले.
ही काडतुसाला फक्त ढकलते.
दार लागेपर्यंत ते बिचारं मोकळंच असतं.

आणि तुमची आवडती?

त्यांनी मान वर केली, मी खाली.
भिंतीवर, कॅलेंडरच्या वरच्या खिळ्याला
जुनी माउझर टांगलेली.
बाजूला लांब नख. काडतूस पेटीतून वर येतं न येतं
तोच ते त्याची कड पकडतं,
आणि बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही.
उतारावर, उलटं धरून, धाप लागलेल्या हातात,
जेव्हा रान होतं आणि परवाने होते,
आणि समोरचं डुक्कर थांबत नसे,
तेव्हासाठी केलेली वस्तू.

मग हीच द्या ना.

ती चालत नाही आता.

का, ते त्यांनी सांगितलं नाही.
मी सांगते. तीन वर्षांपूर्वी,
ते जुम्म्याच्या नमाजाला गेले असताना
मी तिचे लग घासले. आरशासारखे करायचे होते.
मला माहीत नव्हतं, त्या काळचं पोलाद आत मऊ असतं
आणि कठीणपणा नुसता वरच्या कातडीत.
मी कातडीच काढली. कागदाहून पातळ.
परत आल्यावर त्यांनी बोट फिरवलं, एकदाच,
खिळा ठोकला,
आणि मला चहा सांगायला पाठवलं.

मोगल नवीच घेऊन गेले. बरोबर निवड होती,
कागद लाकडाला उभा असतो, उडी मारत नाही.
जाताना आजोबांच्या रायफलचं काय करू, विचारलं.
चिकटपट्टी काढा आधी, दस्तगीर म्हणाले.

मग दुकानात कुणी नव्हतं.
मी स्टुलावर चढले, माउझर उतरवली,
पितळेचं पोकळ काडतूस घातलं,
बोल्ट अर्ध्यावर आणून उलटी धरली.
नाही पडलं.
पुन्हा धरली, हलवली.

शटर ओढता ओढता ते म्हणाले,
ठेव. आणि तेल लाव तिला,
गंजायला काय लागतं.