हमीमचा रस्ता

गुलजमानने मोबाइल पुढे केला. ओळख, कुठलं?
म्हटलं, हमीमच्या अलीकडचा पट्टा,
परवाच साफ केलाय, सोळा फेऱ्या.
तो हसला. मंगळ आहे, वरून काढलेला.

चंद्रकोरीसारखे ढीग, शिंगं सगळी एकाच दिशेला.
म्हणजे वारा तिथलाही हेकट.
मधे काळ्या रेघोट्या, वावटळी गेल्याच्या,
आणि ध्रुवाकडे बर्फाखालून फुटलेले कोळी,
पाय मोजता न येणारे.

दोन बोटांनी फोटो ताणत राहिलो,
कुठेतरी रस्ता असेल म्हणून.
नव्हता.
मग ही वाळू तिथे
कुणाच्या वाटेत येते?

साडेतीनला ग्रेडर चालू केला. पातं टेकवलं.
वाळू सरकली मुकाट,
आणि आरशात
परत यायला लागली.