रिपोर्ट उद्या

जुलैत आमच्या इमारतीत नळ उलटे होतात.
गच्चीवरची टाकी दिवसभर उकळते,
म्हणून गीझर बंद ठेवायचा
आणि लाल खुणेच्या नळाखाली अंघोळ करायची, गार.
एकोणीस वर्षांपूर्वी शारजात आले तेव्हा
निळा नळ सोडून हात पोळून घेतला होता मी.
शाल्मलीला हे शिकवावं लागलं नाही.
ती जन्मापासून इथली,
कागदोपत्री मात्र पाहुणी.

तिसरी यादी लागायची आहे.
पहिलीत नाव नव्हतं, दुसरीतही.
तिथे पाच वाजतील तेव्हा आमच्याकडे साडेतीन.
"म्हणजे आपल्याला दीड तास आधी कळणार?"
तिनं विचारलं, गंमत म्हणून,
आणि मग आम्ही दोघी क्षणभर
खरंच तो हिशेब करत बसलो.

वन्संचा साताऱ्याहून फोन:
"पेढ्यांचं सांगून ठेवू का?"
हेमंत समुद्रात, तेलाच्या फलाटावर, अठ्ठावीस दिवस.
तो रोज रात्री एवढंच विचारतो, "जेवली का ती?"
यादीबद्दल विचारायची त्याची हीच रीत.
खालचा नातूर गुलजमान म्हणतो, इन्शाल्ला.
त्यात होकार किती आणि नकार किती
मला अजून नेमकं मोजता आलेलं नाही.

काल तिनं फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला,
पाण्यात पडल्यासारखा.
दर पाच मिनिटांनी झाकण उघडत होती
हे सोडलं तर
बराच धीर धरला पोरीनं.
बॅग अजून रिकामी आहे.
वजनकाटा मात्र दारापाशी.

मी दवाखान्यात एक्स-रे काढते.
श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका.
दिवसातून साठ वेळा,
हिंदीत, मोडक्या मल्याळीत, त्याहून मोडक्या अरबीत.
परवा एक पोरगा आला, परातीवरून घसरलेला,
मनगट दुसऱ्या हातात घेऊन, उसनं आणल्यासारखं.
पडद्यावर मला दिसलं:
हाडाला केसाएवढी तड.
"ठीक आहे ना, सिस्टर?"
मला दिसतं. सांगायचा अधिकार नाही.
म्हटलं, रिपोर्ट उद्या, डॉक्टर सांगतील.
तो माझा चेहरा वाचत राहिला,
शाल्मली फोनवरचं ते गोल फिरणारं चक्र वाचते तसा.

तेव्हापासून वाटतं,
तिथे कुठल्याशा कार्यालयात, पंख्याखाली,
एका बाईला माझ्या मुलीचं नाव दिसलंय.
किंवा दिसलेलं नाही.
तिला ठाऊक आहे.
ती डबा उघडतेय, भाजीत मीठ कमी पडलंय,
घरी जाताना कोथिंबीर घ्यायची आहे,
आणि नियमाप्रमाणे ती गप्प आहे.
मला तिच्यावर रागावता येत नाही.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.
पहिल्या यादीत नाव नव्हतं
त्या रात्री पोरगी उशीत तोंड खुपसून रडली.
तिच्या पाठीवर हात ठेवून बसले मी,
आणि नंतर मला
महिन्याभरात लागली नव्हती
अशी गाढ झोप लागली.

आज सकाळी तिनं डोक्याला तेल लावून घेतलं.
फार बोललो नाही.
लाल नळाचं पाणी भरून दिलं तिला बादलीभर,
शेवटी शेवटी तेही कोमट.

तीन एकोणतीस.
टेबलावर एक आजोबा, उघडी छाती, बरगड्या मोजता येतील अशा.
शिशाच्या काचेमागे मी.
श्वास घ्या.
धरून ठेवा.
बटण दाबलं, आणि खिशात
फोन थरथरला,
थांबला,
पुन्हा थरथरला.
आजोबा छाती भरून माझ्याकडे पाहताहेत.
आधी त्यांना म्हटलं,
सोडा.