दोन्हीकडून नयन

सुया नव्हत्या. दौलतने सायकलच्या चाकाचे दोन आरे
कानशीने घासले, टोक माझ्या गालावर टेकवलं,
टोचते काय?
लोकर वरुडच्या बाजारातली :
एक गुंडी संत्र्याची, एक दौतीतल्या शाईची.

एक टाका नारिंगी, सुलट.
त्याच्या पाठीला पाठ लावून निळा, उलट.
धागे दोन्ही सोबत पुढे, दोन्ही सोबत मागे.
एक जरी रेंगाळला
की पदर एकमेकांत अडकतात,
मग उसवत बसा बाप्पा, रात्रभर.
कडेला पीळ विसरायचा नाही,
नाहीतर जॅकेट कसलं, तोंड उघडं पोतं.

पंधरा दिवस मला उमगलंच नाही
की मी एक नाही, दोन कापडं विणते आहे.
कळलं तेव्हा मधे हात घातला.
ऊब होती तिथे,
अजून कोणी न वापरलेली.

दिवसा शेडमध्ये संत्री निवडायची,
मोठी इकडे, डागी तिकडे.
रात्री बोटांना सालीचा वास,
निळ्या लोकरीलाही.

छातीवर भाच्याचं नाव.
किती सोयीचं, म्हटलं,
इकडून वाचा न य न, तिकडून वाचा न य न.
चौकटीच्या वहीत ठिपके मांडले,
चव्वेचाळीस टाके रुंद.
निळ्यावर नारिंगी, ठसठशीत.
उलटून पाहिलं :
नारिंगीवर निळी अक्षरं, क्रम तोच,
पण एकूण एक पाठमोरं.
न ची उभी रेघ डावीकडे जाऊन उभी.

वहिनी म्हणाली, उसव.
दौलत म्हणाला, आतून कोण पाहते?
आता याच्यात आत कुठे आहे, सांगा.

शनिवारची सकाळची शाळा. तुरीवर दव.
नयन आला, कुडकुडत,
हातात घेऊन जॅकेट आधी उलटवलंच त्याने.
बोट फिरवत राहिला नावावरून.
पहिलीच्या वहीत बाईंनी
ज्यांच्याभोवती लाल गोल काढले होते
तोच न, तोच य.

"आत्या, मी असाच लिहितो, तुले कसं मालूम?"

मी काही बोलले नाही.

शाळेच्या फाटकापाशी त्याने ते काढलं,
निळी बाजू बाहेर करून घातलं.
दौलतने पाहिलं होतं.
मला सांगितलं दोन दिवसांनी, बैलांना पाणी दाखवताना.
येताना पुन्हा नारिंगी होता, म्हणे.

बटणं राहिलीत अजून.
दोन्हीकडून लागतील अशी
वरुडला मिळाली नाहीत.